अंगावर येणारा कोंबडा

सकाळी खुराड्याचं दार उघडायला जाणाऱ्या बाईच्या एका हातात कण्यांची वाटी असते आणि दुसऱ्या हातात केरसुणी. ती झाडण्यासाठी घेतलेली नसते. दार उघडल्याबरोबर कोंबड्या कण्यांकडे धावतात आणि कोंबडा तिच्या पायांकडे. मानेची पिसं फुगवून, एक पंख जमिनीला घासत तो तिरका तिरका चालत येतो आणि पापणी लवायच्या आत दोन्ही पायांनी उडी घेऊन पोटरीवर आदळतो. कोकणातली वाडी असो की विदर्भातला मळा, ज्यांच्या परसात चार कोंबड्या आहेत त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. अशा घरातली पोरं मागच्या दारानं जायचं सोडतात, पाहुणे फाटकातूनच हाक मारतात आणि आजी कपडे वाळत घालायलाही काठी टेकत निघते, आधारासाठी नव्हे, कोंबड्यासाठी.

यावर घराघरांत दोन उपाय ठरलेले आहेत. लाथ घालायची, नाहीतर कापून टाकायचा. लाथेनं कोंबडा आणखी बिथरतो. कापल्यानं तो कोंबडा जातो, पण तोवर त्याची अंडी खुडूक कोंबडीखाली उबून त्याचीच पिल्लं परसात फिरू लागलेली असतात आणि सहा-सात महिन्यांत त्यांतलाच एखादा बापाच्या जागी उभा राहतो. या दोन उपायांच्या मध्ये करण्यासारखं बरंच आहे. त्यासाठी कोंबडा माणसावर का धावतो, हे मात्र आधी कळायला हवं.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातली होती. २०१२च्या गणनेच्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या ४५ टक्क्यांहून जास्त वाढली होती. या कोंबड्यांचं करणं बहुतेक ठिकाणी घरातल्या बायका, म्हातारी माणसं आणि मुलं यांच्याकडेच असतं. म्हणजे कोंबड्याच्या तावडीत सापडतात तीही हीच माणसं.

चांगला असलेला कोंबडा एकाएकी बिघडला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पिल्लू असताना तो मुलांच्या मांडीवर बसायचा, तळहातावरचे दाणे टिपायचा, आणि पाच-सहा महिन्यांचा होताच त्याच मुलांच्या अंगावर जाऊ लागला. कोणी नजर लागली म्हणतं, कोणी मिरचीचं बी खाल्लं म्हणतं. खरं कारण त्याच्या पोटात असतं. नराचे वृषण शरीराच्या आत, पाठीच्या कण्याला लागून असतात. तो वयात आला की ते भराभर वाढतात आणि त्यांतून रक्तात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मिसळू लागतं. तुरा लालभडक होतो, मान ताठ होते, बांग सुटते आणि दुसरा नर सहन होईनासा होतो. दिवस मोठे होऊ लागले की हे संप्रेरक वाढतं, म्हणून हिवाळा सरल्यावर कोंबडे जास्त भांडतात.

हे सगळं एका रसामुळे घडतं, याचा पहिला चांगला पुरावा कोंबड्यांनीच दिला. जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये आर्नॉल्ड बेर्टोल्ड या शास्त्रज्ञानं सहा तरुण कोंबड्यांवर प्रयोग केला आणि १८४९ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांचे वृषण पूर्ण काढले ते कोंबडे मऊ पडले. त्यांचा तुरा फिका राहिला, बांग बसली, भांडणं थांबली. ज्यांच्या पोटात वृषण सुटा, नेहमीच्या जागेपासून तोडून ठेवला होता, ते मात्र इतर कोंबड्यांसारखेच वाढले, आरवले आणि लढले. वृषणाचे मूळचे मज्जातंतू तुटलेले होते, म्हणजे जे काही पोचत होतं ते रक्तातून पोचत होतं. संप्रेरकांच्या शास्त्राचा आरंभ आज या प्रयोगापासून मोजतात. टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात हाती लागायला त्यानंतर १९३५ साल उजाडावं लागलं, आणि त्या शोधाच्या वाटेवर नर-संप्रेरकाचा जोर मोजायला शास्त्रज्ञ खच्ची कोंबड्याचा तुरा किती वाढतो हेच पाहत होते. परसातला लाल तुरा म्हणजे आतल्या संप्रेरकाची बाहेर दिसणारी खूण.

मग वयात आलेले सगळेच कोंबडे माणसावर का धावत नाहीत? इथं त्याचं मूळ काम आठवायला हवं.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. थायलंडमधल्या बान नोन वाट या जागी सापडलेली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली हाडं पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं मानली जातात. भाताची शेती सुरू झाली, सांडलेल्या दाण्यांमागे रानकोंबडे वस्तीजवळ आले आणि राहिले, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडलं आहे. आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखाडी रानकोंबड्याचाही या वंशात वाटा आहे: कितीतरी पाळीव कोंबड्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग देणारं जनुक त्याच्याकडून आलं आहे. रानात या नराला दोन कामं होती. आपल्या माद्या राखायच्या आणि आपल्या हद्दीत दुसरा नर येऊ द्यायचा नाही. माणसाच्या परसात आल्यानं ती कामं सुटली नाहीत.

चांगला कोंबडा ही कामं किती मनापासून करतो, ते पाहण्यासारखं असतं. किडा सापडला की तो स्वतः गिळत नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि घशातून कुकुकु असा हलका आवाज काढत कोंबड्यांना बोलावतो. त्या खातात, तो बघत उभा राहतो. घार किंवा शिक्रा वर दिसला तर एक लांब, बारीक आवाज काढतो आणि कोंबड्या झुडपाखाली दबतात. मुंगूस किंवा मांजर जमिनीवरून आलं तर तुटक तुटक कलकलाट करतो आणि त्या मान वर करून पाहू लागतात. संकट कोणतं, हे नुसत्या आवाजावरून कोंबड्यांना कळतं, असं ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर एव्हान्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवलं. चाणक्यनीतीत कोंबड्याकडून शिकण्याजोग्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत लढणंही आहे आणि आपल्या माणसांत वाटून खाणंही आहे. ज्यानं तो श्लोक रचला त्यानं परसात बसून कोंबडा नीट पाहिला असणार. या पक्ष्यात दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात, आणि म्हणूनच तो अंगावर आला की त्याला दुष्ट ठरवणं चूक आहे. तो राखणच करत असतो. त्याची फक्त गफलत झालेली असते, की समोरचा माणूस हा दुसरा कोंबडा आहे.

ही गफलत बहुतेक वेळा माणूसच घडवतो.

नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा नाद होता. कोण कोणाला चोच मारतं आणि कोण मुकाट बाजूला होतं, याच्या नोंदी ते ठेवत. १९२२ साली त्यांनी दाखवून दिलं की कळपात एक पक्की उतरंड असते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि शेवटची कोणालाच टोचू शकत नाही. एकदा जागा ठरली की रोज भांडावं लागत नाही, नुसतं बघणं पुरतं. नरांतही हेच. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की एकत्र असलेल्या कोंबड्यांत पहाटेची पहिली बांग वरच्या नंबरचा कोंबडा देतो आणि बाकीचे त्याच्या मागून, आपापल्या नंबरानं आरवतात.

आता या उतरंडीत माणसाची जागा कोणती? मोठ्या कळपात, थोराड कोंबड्यांच्या हाताखाली वाढलेल्या पिल्लाला ती आपोआप कळते. वडीलधारे कोंबडे त्याला चार वेळा जागेवर बसवतात आणि माणूस त्याच्या लेखी उतरंडीबाहेरचा, थोडा भीतिदायक, दाणे देणारा असा कुणीतरी राहतो. जे पिल्लू एकटंच, कुशीत घेऊन, हातावर भरवून वाढवलं जातं त्याला ती भीती राहत नाही. माणूस हा त्याला आपल्यातलाच वाटतो, आणि आपल्यातल्याशी वयात आल्यावर कोंबडा नंबरासाठी झुंजतो. शहरालगतच्या बंगल्यांत, इनक्युबेटरमधून आणलेल्या एका-दोन पिल्लांचे लाड झाल्यावर हा प्रकार हमखास दिसतो. मुलं कोंबड्याला खोडी म्हणून पळवतात, काडी दाखवतात, तो अंगावर आला की किंचाळत पळतात. पळणारा हा हरलेला, एवढं कोंबड्याला पक्कं कळतं. दोन-तीनदा असा जिंकल्यावर तो स्वतःहून लढाई उकरून काढू लागतो.

लाथेचंही असंच आहे. कोंबड्यांची झुंज पायांनीच होते. माणसानं पाय उचलला की त्याच्या दृष्टीनं समोरच्या कोंबड्यानं आव्हान घेतलं. लाथ बसली तरी तो थोड्या वेळानं मागून येतो, आणि मागून आलेला कोंबडा जास्त इजा करतो.

हल्ल्याआधी तो बहुतेकदा सूचना देतो. मान खाली करून मानेची पिसं छत्रीसारखी उघडतो. एका डोळ्यानं रोखून बघतो. एक पंख टाकून अर्धवर्तुळात फिरतो. हेच नृत्य तो मादीपुढेही करतो, पण माणसापुढे केलं तर ती परीक्षा असते. कधी तो उगाचच जमीन टोचू लागतो, दाणा नसताना. तेव्हा त्याच्या मनात लढावं की निघावं याची ओढाताण चाललेली असते आणि माणसाच्या पुढच्या हालचालीवर निकाल ठरतो. हातात फडफडणारी कोंबडी असेल, बादली हिंदकळत असेल, साडीचा किंवा लुंगीचा घोळ वाऱ्यानं उडत असेल, तर हल्ल्याची शक्यता वाढते. कोंबड्याला रंग माणसापेक्षा जास्त दिसतात, अतिनील प्रकाशही दिसतो. एखाद्या घरात तो एकाच माणसावर किंवा एकाच जोडी चपलांवर धावतो, ते उगाच नाही.

अशा वेळी पळू नये आणि पाठ दाखवू नये. जागेवर उभं राहावं, हात शांत ठेवावेत, आणि त्याच्या व आपल्या मध्ये काहीतरी आडवं धरावं. सूप, घमेलं, टोपली, बंद छत्री, काहीही चालतं. त्यानं मारायचं नसतं, त्यावर त्याची उडी अडवायची असते. तो आदळला तरी मागं सरकू नये. तो नजर वळवून बाजूला झाला, दाणे टिपू लागला, की मग आपण सावकाश आपल्या कामाला लागावं. निघायचं ते त्याच्या आधी नाही. पहिल्या दिवशी याला पाच-दहा मिनिटं लागतील. रोज असंच झालं तर बऱ्याच कोंबड्यांचा, विशेषतः वर्षाच्या आतल्या नवख्या कोंबड्यांचा, जोर दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. अट एकच आहे: घरातल्या प्रत्येकानं तसंच वागलं पाहिजे. आईपुढे नमणारा कोंबडा मुलाला पळवू शकत असेल तर त्याच्या लेखी लढाई चालूच आहे.

जाणत्या पाळणाऱ्यांचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे कोंबड्याला उचलून घेणं. दिवसा त्याच्यामागे धावून पकडू नये, त्यानं पाठलागाचा खेळ होतो. कोंबड्यांना अंधारात फार कमी दिसतं, म्हणून रात्री दांडीवरून त्याला अलगद उचलावं, दोन्ही पंख अंगाशी दाबून बगलेत धरावं, पाय मुठीत ठेवावेत. चेहऱ्यापासून चोच लांब. तो सुरुवातीला झटके देतो, मग सैल पडतो. सैल पडल्यावरच खाली ठेवायचं. झटके देत असताना सोडलं तर झटके दिले की सुटका होते, हे तो शिकतो. काही दिवस असं केल्यावर दिवसाही त्याला बगलेत घेऊन परसात फिरता येतं. पाय बांधून उलटा टांगणं हा मात्र उपाय नव्हे, तो छळ आहे. उलट्या टांगलेल्या पक्ष्याला श्वास घ्यायला त्रास होतो आणि माणसाबद्दलची दहशत तेवढी वाढते. घाबरलेला कोंबडाही हल्ला करतो.

काही घरं जागेच्या मांडणीनंच प्रश्न सोडवतात. दाणे रोज खुराड्याच्या दारात टाकण्याऐवजी दूर टाकायचे आणि कोंबडा तिकडे गेला की अंडी काढायची. सकाळी झाडलोट होईपर्यंत त्याला डालग्याखाली डालून ठेवायचं. परसात एखादं आडोशाचं कुंपण, लाकडाची मोळी, केळीचा गड्डा असला तर दोन कोंबडे किंवा कोंबडा आणि माणूस सतत एकमेकांच्या नजरेत राहत नाहीत आणि खटके कमी उडतात. फार उद्दाम झालेल्या कोंबड्याला आठ-दहा दिवस कळपापासून वेगळं ठेवून परत सोडलं तर त्याला आपली जागा नव्यानं शोधावी लागते आणि त्याचा तोरा पुष्कळदा उतरलेला असतो.

त्याच्या पायांकडेही पाहायला हवं. पायाच्या मागच्या बाजूला वाढणारा टोकदार काटा हे त्याचं खरं हत्यार. आत हाड, वरून शिंगासारखं कवच अशी त्याची घडण असते आणि वयाबरोबर तो लांबत जातो. वरचं टोक कानशीनं घासून बोथट करता येतं. नखासारखंच, टोकाच्या भागाला वेदना नसते, पण खोल कापलं तर रक्त येतं, म्हणून थोडं थोडं घासावं आणि पहिल्यांदा पशुवैद्यकाकडून दाखवून घ्यावं. काटा बोथट केल्यानं कोंबड्याचा स्वभाव बदलत नाही, जखम मात्र हलकी होते. कोंबड्यांच्या पाठीही वाचतात.

कोंबड्यांच्या पाठींबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. माणसाला ओरखडा आला की घरात चर्चा होते, पण पिसं झडून उघड्या पडलेल्या, सोललेल्या पाठीची कोंबडी महिनोन्‌महिने तशीच फिरत असते. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हे प्रमाण साधारण ठीक. तीन कोंबड्यांत एक दांडगा नर किंवा सहा कोंबड्यांत तीन नर ठेवले तर माद्यांची दैना होते. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात सुझान मिलमन आणि इयान डंकन यांनी २०००च्या सुमारास मांसासाठी निवडलेल्या ब्रॉयलर जातीच्या पैदाशी नरांची तुलना झुंजीच्या जातीच्या नरांशी केली. माद्यांशी जास्त आक्रमक वागले ते ब्रॉयलरचे नर. झुंजीचे नव्हेत. एकमेकांशी लढण्याची खुमखुमी आणि माद्यांना किंवा माणसांना इजा करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसतं.

आपल्याकडच्या असील कोंबड्यांचं उदाहरण इथं बोलकं आहे. अरबीतला ‘असील’ म्हणजे शुद्ध कुळातला, आपल्या ‘अस्सल’ शब्दाचं मूळही तेच. आंध्र, छत्तीसगड, ओडिशा भागातली ही उंच, ताठ मानेची, घट्ट अंगाची जात. नर चार-पाच किलोपर्यंत भरतो. असीलची पिल्लं काही आठवड्यांची असतानाच एकमेकांवर तुटून पडतात, म्हणून नर वेगळे ठेवावे लागतात. पण माणसाच्या हाताला असील सहसा शांत असतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याला हाताळणाऱ्यांनी हात चावणारा पक्षी पैदाशीला ठेवला नाही. या गुणी पक्ष्याची जी कुचंबणा झुंजींच्या नावाखाली होते ती मात्र लाजिरवाणी आहे. जनावरांना झुंजायला लावणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याखाली गुन्हा आहे. तरी संक्रांतीच्या सुमारास पायांना सुरे बांधलेले कोंबडे रिंगणात उतरवले जातात. फेब्रुवारी २०२१मध्ये तेलंगणातल्या जगतियाल जिल्ह्यात अशाच एका कोंबड्यानं सुटण्याची धडपड केली, पायाला बांधलेला सुरा त्याच्या मालकाच्या जांघेत शिरला आणि रक्तस्रावानं तो माणूस दगावला. पोलिसांनी पुरावा म्हणून कोंबडा ताब्यात घेतला. सुरा कोणी बांधला होता, हे विसरता कामा नये.

सुरा नसलेला, साधा घरचा कोंबडाही क्वचित जिवावर बेतू शकतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात ७६ वर्षांची एक वृद्धा अंडी गोळा करताना कोंबड्यानं तिच्या पायावर चोच मारली. तिच्या पायांच्या शिरा फुगलेल्या होत्या, त्यांतली एक फुटली आणि अतिरक्तस्रावानं तिचा मृत्यू झाला. अॅडलेड विद्यापीठाच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी २०१९ साली ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली ती इशारा म्हणूनच. आपल्याकडे पायांच्या शिरा फुगलेली, मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली, रक्त पातळ ठेवण्याची औषधं घेणारी कितीतरी म्हातारी माणसं परसात वावरतात. त्यांच्यासाठी पायजमा, जाड मोजे, गमबूट हा आग्रह धरावा. शिरेतून रक्त वाहू लागलं तर आडवं झोपवून पाय वर उचलावा, स्वच्छ कापडानं जखम घट्ट दाबून धरावी आणि दवाखाना गाठावा.

लहान मुलांना धोका वेगळा असतो. त्यांचा चेहरा कोंबड्याच्या उडीच्या उंचीवर येतो. डोळ्याजवळची जखम कितीही लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावीच. चोच आणि नखं मातीत, विष्ठेत फिरलेली असतात, त्यामुळे टोचलेली खोल जखम वरून बंद दिसली तरी आत चिघळू शकते. साबण आणि वाहत्या पाण्यानं ती भरपूर धुवावी, हळद-चुना भरून झाकू नये आणि धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, ते पाहावं. रेबीजची धास्ती मात्र नको. तो सस्तन प्राण्यांपासून होणारा रोग आहे, कोंबड्याच्या चोचीतून तो येत नाही.

इतकं करूनही काही कोंबडे बदलत नाहीत. महिनाभर शांतपणे, सगळ्यांनी एकसारखं वागूनही जो कोंबडा न डिवचता, मागून, पुन्हा पुन्हा मुलाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर जातो त्याला मोकळा ठेवू नये. वेगळ्या बंदिस्त जागेत ठेवायची सोय असेल तर ठेवावा. नसेल तर त्याला काढून टाकण्यात अपराधी वाटण्याचं कारण नाही. दुसऱ्या घरी देताना मात्र त्याचा स्वभाव लपवू नये. त्या घरातही लहान मुलं असतात.

घरात फक्त खायची अंडी हवी असतील तर कोंबडा लागतच नाही, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं. कोंबडी नराशिवायही तेवढीच अंडी देते, ती फक्त उबत नाहीत. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी आणि राखणीसाठी. ज्यांना तो हवा आहे त्यांच्या हातात एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे निवड. १९६५ साली अमेरिकेतल्या जेम्स क्रेग, अल्फियस गुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की वरचढ कोंबड्यांची आणि नमत्या कोंबड्यांची पैदास वेगळी ठेवत गेलं तर काही पिढ्यांतच दोन निराळ्या स्वभावांचे कळप तयार होतात. स्वभाव रक्तात उतरतो. आपल्याकडे मात्र पैदाशीला ठेवायचा कोंबडा निवडताना वजन, तुरा आणि रंग पाहतात. ‘रगेल आहे’ हे तर कौतुकानं सांगतात. मुंगसाला भिडणारा पण माणसाला वाट देणारा, किडा सापडला की कोंबड्यांना बोलावणारा, मादीभोवती आधी नाचणारा कोंबडा जवळपास प्रत्येक वाडीत एखादा तरी असतो. वंश वाढवायचा तो त्याचा.

एक तपशील ध्यानात ठेवायला हवा. संगानंतर नराचं बीज कोंबडीच्या शरीरात दोन आठवड्यांपर्यंत, कधी त्याहून थोडं जास्त, टिकून राहतं. आडदांड कोंबडा काल काढला आणि आज गुणी कोंबडा आणला, म्हणून आजची अंडी नव्याची होत नाहीत. तीन आठवडे थांबावं, मधली अंडी खाण्यासाठी वापरावीत, आणि त्यानंतरचीच खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. २१ दिवसांनी त्यांतून निघणारी पिल्लं पुढची काही वर्षं याच परसात, याच मुलांच्या पायांत वावरणार आहेत.